तसबीर हातात घेण्याआधी

काल फोनवर "कृत्तिका मिळाली" एवढंच बोललीस आणि गप्प बसलीस. मला कळलं गं सगळं. तुला 'संशयकल्लोळ'मधली रेवती हवी होती. इतकी वर्षं गाणं शिकतेस आणि मोठी पदं सगळी दुसरीकडे गेली. तुझ्या वाट्याला आली संशयाने पेटलेली, नवऱ्याच्या पाळतीवर असलेली बायको. मीही याच भूमिकेपायी एक रात्र उशीत तोंड खुपसून रडले होते, म्हणून तुझ्याशी आज जरा सविस्तर बोलते.

आधी एक गोष्ट लक्षात घे. 'संशयकल्लोळ' मुळात गाण्यांचं नाटक नव्हतंच. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली ते गद्यात लिहिलं, नाव होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पदं आली १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं तेव्हा. त्याआधी त्यात कर्णमधुर असं काही नव्हतं. नाटक उभं होतं ते फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या खांद्यावर. पुढे बालगंधर्वांची रेवती असतानासुद्धा गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव लोकांच्या लक्षात राहिला. तेव्हा आपल्याला उरलंसुरलं दिलं, असं पुन्हा म्हणायचं नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्या प्रयोगाला, देवळासमोरच्या मांडवात, माझ्या पहिल्याच वाक्याला हशा आला आणि मी हुरळले. पुढच्या वाक्याला डोळे मोठे केले, त्याच्या पुढच्याला कमरेवर हात आला, मग आवाज चढला. लोक हसत होते आणि मी वाढवत होते. शेवटच्या अंकात कृत्तिका खरोखर दुखावलेली असते, तिथेही लोक हसले. त्यांचा काय दोष? ही बाई खोटी आहे हे मीच त्यांना दोन तास शिकवलं होतं. घरी येऊन लुगडं सोडताना मला जे वाटलं ते तुला वाटू नये.

कृत्तिकेला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही, एवढं धरून चाल. ती खिडकीतून बघते, तर भर रस्त्यात आपल्या नवऱ्याने एका तरुण बाईला सावरून धरलेलं. रेवतीला घेरी आली आहे हे प्रेक्षकांना माहीत, तिला नाही. धावत खाली येते तर तिथे कुणी नाही, एका देखण्या पुरुषाची तसबीर तेवढी पडलेली. ती उचलून न्याहाळते, आणि नेमकं तेच फाल्गुनराव बघतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलंय ते खरंच आहे, अर्थ मात्र दोघांचाही चुकलाय. हसू तिथून येतं. तू वेगळं काही करायला गेलीस की ते आटतं. तसबीर हातात आल्यावर प्रेक्षकांकडे बघू नकोस. तसबिरीकडेच बघ आणि मनात एकच गोष्ट आण: किती वर्षांत आपल्याकडे कुणी असं पाहिलेलं नाही. मग बघ, मांडव कसा शांत होतो आणि फाल्गुनराव आला की कसा फुटतो.

हशा आला की थांबायचं, हे मास्तर सांगतीलच. किती थांबायचं हे मात्र कुणी सांगत नाही. हशा चढतो, माथ्यावर जातो, मग उतरायला लागतो. उतरणीवर असतानाच पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण विरू दिलास तर प्रवेश थंड पडतो, माथ्यावर असताना बोललीस तर वाक्य वाया जातं. आणि थांबलेल्या त्या वेळात पुतळा होऊ नकोस. कृत्तिका विचार करतेय, पदराचं टोक पिळतेय, नवऱ्याच्या सदऱ्यावर काही डाग दिसतो का ते बघतेय. तिचा संशय त्या वेळातही वाढत असतो.

तालमीत मात्र दहाव्या दिवसानंतर कुणीही हसणार नाही. तबलजी पेटीवाल्याशी बोलत बसेल, प्रॉम्प्टर जांभया देईल. घाबरून नवीन अ‍ॅडिशन घ्यायला जाऊ नकोस. देवल स्वतः नट घडवणारे तालीममास्तर होते, त्यांची वाक्यं तोंडात बसवून घेतलेली आहेत. त्यात आजकालचा एखादा शब्द घुसडला की एक टाळी मिळते आणि पुढची चार वाक्यं सैल पडतात.

संगीत नाटकात आणखी एक अडचण असते. नायकाचं, अश्विनशेठचं पद रंगतं, वन्स मोअर येतो, लोकांच्या कानात अजून ऑर्गनचा सूर असतो आणि तेवढ्यात तुझी एंट्री. किंचाळत आलीस तर लोक दुखावतात, त्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं. पहिलं वाक्य त्या सुराच्या आसपास धर, मग हवं तिकडे ने. तुझं गाणं इथे कामी येतं, समजलं का? गाणारी कृत्तिका आणि न गाणारी कृत्तिका यांच्या गद्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, मी दोन्ही ऐकल्यात. संतापाची जागा आली की आवाज वर नेण्याऐवजी खाली आण. घसाही वाचेल, आणि दबक्या आवाजात विचारलेला प्रश्न नवऱ्याला जास्त टोचतो.

बाकी बारीकसारीक. दुसऱ्या आठवड्यापासून नऊवारी नेसूनच तालमीला जा, पंजाबी ड्रेसमधली चाल रंगमंचावर उपयोगाची नाही. नथ लावून बोलायची सवय कर, ती ओठाला लागते आणि 'प', 'ब', 'म' अडखळतात. माइक वरून टांगलेले असतील तर रागारागाने पाठ फिरवून बोलू नकोस, वाक्य विंगेतल्या माणसालाच ऐकू जाईल. फाल्गुनरावाचं काम करणाऱ्या काकांशी रोज दहा मिनिटं नुसती वाक्यं म्हणून घे, हालचाली न करता. तुमची लय जुळली की निम्मं काम झालं.

आणि तसबीर म्हणून पुठ्ठा वापरू देऊ नकोस. हाताला वजन लागायला हवं. काच मात्र काढून टाकायची, नाहीतर लाइट चमकून पहिल्या रांगेच्या डोळ्यात जातो. माझी आहे अजून, माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळलेली. कडेला माझ्या कुंकवाचा डाग आहे, तो पुसलेला नाही. रविवारी येते घेऊन. संध्याकाळी तुझा तो प्रवेश करून बघू, फाल्गुनरावाची वाक्यं मी म्हणेन.