अठरा टक्क्यांचा नाला

सेवानिवृत्तीची फुरसत आणि गाठीची थोडीशी पुंजी यांचा संगम मनुष्यास कोणत्या मोहात पाडील याचा नेम नाही. न्यू जर्सीतील घरी बसून, जिची माती कधी पायाला लागली नव्हती अशा फ्लोरिडातील एका काउंटीच्या थकीत करांच्या लिलावात संगणकावरून बोली लावण्याची दुर्बुद्धी मला 2019च्या मे महिन्यात सुचली, ती याच संगमातून.

व्यवहार वरकरणी सरळ आहे. तेथे मालमत्ता कर 1 एप्रिलला थकीत ठरतो आणि 1 जूनपर्यंत त्या थकबाकीचा लिलाव होतो. जो थकबाकी भरतो त्यास टॅक्स सर्टिफिकेट मिळते, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढावा तसा त्याचा बोजा त्या मिळकतीवर चढतो. जमीन मालकाचीच राहते. बोली मात्र चढत नाही, उतरते: 18 टक्के व्याजापासून आरंभ, आणि सर्वांत कमी व्याजावर जो राजी होईल त्याच्या पदरात सर्टिफिकेट. चांगल्या घरांसाठी मोठमोठ्या संस्था पाव टक्क्यापर्यंत उतरत, तेव्हा मी त्यांना हसत असे. मालकाने महिन्याभरात पैसे भरले तरी, बोली शून्याची नसल्यास, किमान 5 टक्के आकार मिळतोच, ही कायद्यातील तरतूद त्यांना ठाऊक होती, मला नव्हती.

माझ्या सात सर्टिफिकेटांपैकी सहांचे पैसे मालकांनी चुकते केले. सातवे मला पूर्ण 18 टक्क्यांना, प्रतिस्पर्ध्यावाचून मिळाले, आणि जेथे एवढे मुरलेले सावकार पाव टक्क्यासाठी झुंजतात तेथे हाच एक तुकडा त्यांनी का सोडला, हा शेतकऱ्याच्या पोरालाही पडावा असा प्रश्न मला पडला नाही.

दोन वर्षे मालकाने तोंड दाखविले नाही, म्हणून एप्रिल 2021मध्ये मी जमिनीच्या विक्रीसाठी अर्ज गुदरला. त्यासाठी त्या मिळकतीवरील इतरांची सर्टिफिकेटे, मधली थकबाकी आणि हक्कतपासणीचा खर्च अर्जदारानेच आधी भरावयाचा असतो. दोनशे डॉलरांचा कागद हजाराच्या घरात गेला. मग, म्हणजे उलट्या क्रमाने, आम्ही उभयता जागा पाहावयास गेलो. घरांच्या दोन रांगांच्या परसांमधून आठ फूट रुंदीची एक पट्टी गेली होती. तीत घोटाभर हिरवट पाणी, आणि पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा.

“अहो, आपला प्लॉट हाच का?” सौभाग्यवतींनी विचारले. त्या हसल्या नाहीत, हे विशेष.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी काउंटीच्या मूल्यांकन दप्तराचा नकाशा आधी उघडावा. तो घरबसल्या, फुकट पाहता येतो. माझ्या तुकड्यापुढे ‘पाण्याचा निचरा’ असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. तुकड्याची मापे, ठरविलेले मूल्य, जुनी थकबाकी आणि मालकाची दिवाळखोरी हे सारे पाहावे, आणि स्पर्धेवाचून मिळणाऱ्या 18 टक्क्यांकडे बक्षीस म्हणून नव्हे, इशारा म्हणून पाहावे. सात वर्षांत काही न घडल्यास सर्टिफिकेटच बाद होते, हेही ध्यानी असावे. आणि स्वतः जाणे अशक्य असेल तर तेथील एखाद्या परिचितास गाडीतून एक फेरी मारावयास सांगावे.

विक्रीच्या दिवशी कुणीच बोली लावली नाही. पैसे गुंतले होते, म्हणून मुद्रांक व नोंदणीचा खर्च सोसून मी त्या नाल्याचा रीतसर खातेदार झालो. आता दर नोव्हेंबरात त्याच्या कराचे बिल माझ्या नावे येते. त्याच महिन्यात भरल्यास 4 टक्के सूट असते, ती मी सोडत नाही.