वाटणीचा वकील बघताना

उजनीचं पाणी आलं तसा आपल्या टेंभुर्णी भागात वीतभर बांधालाही उसाचा भाव आला, आणि भावाभावांत वाजायला तेवढं पुरतं. तुमचं दोघांचं वाजलंय, पण अजून बोलणं तुटलेलं नाही. एवढ्यात वकील गाठ. मात्र तो भांडण वाढवणारा नको, मिटवणारा हवा.

आधी कागद गोळा कर. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा, सगळं एका पिशवीत. कागद नसताना गेलास तर वकील तुझ्या रागावरून सल्ला देईल.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून विचारपूस तुलाच करावी लागेल. आपला तालुका माढा. माढ्याच्या कोर्टात तारखेच्या दिवशी जाऊन नुसता बस. समोरच्या वकिलाशी कोण नीट बोलतो, पक्षकार म्हाताऱ्याला कोण दोनदा समजावून सांगतो, हे व्हरांड्यातच दिसतं. आणि विचारायचं ते दावा जिंकलेल्यांना नाही. ज्यांचा मिटला आणि जे आज एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, त्यांना विचार.

पहिल्या भेटीत जो “सगळं रान तुलाच मिळवून देतो” म्हणेल, त्याच्याकडून चहा न घेता उठ. “तुझ्या भावाचं म्हणणं काय आहे?” असं जो विचारेल, त्याच्यापाशी बस. फी किती, टप्प्याटप्प्याने कशी, हे लिहून घे आणि पावती माग. मिळालेल्या जमिनीतला वाटा फी म्हणून कबूल करू नकोस. वकिलाला तसं घेताच येत नाही. वकीलपत्र वाचून सही कर, त्यात तुझ्या वतीनं तडजोड करायचा अधिकारही लिहिलेला असतो. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच नाही. आणि दाव्याची मुदत कधी संपते हे त्याच दिवशी विचार. बोलणी चालू म्हणून मुदत हातची घालवू नकोस.

मध्यस्थ वेगळा आणि वकील वेगळा, हे डोक्यात पक्कं असू दे. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो, निकालही देत नाही. दोघांना एकत्र बसवतो, कधी वेगवेगळं ऐकून घेतो. तिथं बोललेलं गुप्त राहतं, उद्या दावा चाललाच तर ते पुराव्यात येत नाही. म्हणून तिथं मोकळं बोल. दावा दाखल करायच्या आधीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून अशी बैठक मागता येते. तुझ्या बहिणीला तर सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केला की माहिती देतात.

बहिणीचं नाव मी मुद्दाम काढलं. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला न बोलावता दोघा भावांनी मिटवलंत तर ती तडजोड उद्या उखडली जाईल. मी तुझी आत्या आहे. माहेरच्या बैठकीत दाराआड उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे, तिच्यावर ती वेळ आणू नकोस. अज्ञान वारस असेल तर कोर्टाची परवानगी लागते, हेही वकिलाकडून बघून घे.

आता खरं काम. तडजोडीचा कागद. तंटामुक्त समितीपुढं 2007 पासून गावोगाव पुष्कळ मिटलं, चांगलंच झालं. पण साध्या कागदावरच्या सह्यांना कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नसतं. चांगला वकील इथंच ओळखू येतो. “दोघांनी गुण्यागोविंदानं वहिवाट करावी” एवढं लिहून तो थांबत नाही. गट नंबर, चतुःसीमा, कुणाकडं किती आर, विहिरीचं पाणी कुणाला कुठल्या वारी, मोटार बिघडली तर खर्च कुणाचा, वीजबिल कुणाच्या नावावर, उसाची गाडी निघायला रस्ता किती फुटी आणि कुणाच्या हद्दीतून, मोजणीची फी कोण भरणार, हे सगळं तो लिहून काढतो. पाण्याची पाळी तोंडी ठेवलीत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माढ्याची वाट धराल.

लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सहीआधी मसुदा घरी आण, बहिणीला वाचून दाखव. नोंदणी लागते का, मुद्रांक किती, हेही आधीच विचार.

मारहाण झाली असेल, कुणी रातोरात बांध फोडत असेल, तर बैठकीची वाट बघू नकोस. पोलिसांत जा, कोर्टातून मनाई हुकूम माग.

सह्या झाल्या की प्रमाणित नक्कल काढून तलाठ्याकडं फेरफाराला दे. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा घे आणि तिघांची नावं, तिघांचं क्षेत्र बरोबर आलंय का, ते स्वतः बघ.