कुत्र्याचा डोळा

पावसाळा सरला, माळावरचे गवत वाळले, की कुसळांचे दिवस येतात. आपल्या कपड्यांत रुतलेली कुसळे आपण वेचून काढतो. परंतु धनगराच्या कळपामागून त्याच गवतात तोंड खुपसून धावणाऱ्या कुत्र्याला ते कसे जमावे? एखादे कुसळ त्याच्या डोळ्यात शिरते, आणि त्याचे दुखणे आपल्यालाच ओळखावे लागते.

त्याच्याकडे नीट पाहा. तो एक डोळा अर्धवट मिटून घेतो, डोळ्यातून पाणी गळते, पांढरा भाग लाल होतो. पंजाने तो डोळा चोळतो, नाहीतर तोंड घोंगडीवर घासतो. एरवी उन्हात लोळणारा हा प्राणी अंधारा कोपरा शोधू लागतो. धूळ किंवा धूर यांनी बहुधा दोन्ही डोळे लाल होतात. एकच डोळा सुजला, तर आत काही रुतल्याची शंका घ्यावी.

कुत्र्याला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. डोळा दुखू लागला, की ती पुढे सरकते आणि डोळ्यावर पडदा आल्यासारखे दिसते. ती डोळ्याचे रक्षण करते खरी; पण कुसळ नेमके तिच्याच मागे दडते. त्याचे बारीक दाते उलटे असल्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. म्हणून ते बोटाने उपसू नये.

धूळ गेली असेल, तर मोठ्या माणसाच्या मदतीने उकळून गार केलेल्या पाण्याची धार डोळ्यात सोडावी. डोके हळुवार पण घट्ट धरावे. दुखावलेला लाडका कुत्राही चावतो! चुना उडाला असेल, तर पाणी उकळत बसू नये. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने पाव तास तरी डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

घरातले माणसांचे थेंब मात्र मुळीच घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, ओरखडा असला तर त्याने जखम चिघळते आणि डोळा जाऊही शकतो. पशुवैद्य आधी डोळ्यात फ्लोरेसीन नावाचा नारिंगी रंग घालून तो धुतात. निरोगी भागावर रंग टिकत नाही; ओरखडा तेवढा हिरवा चमकतो. मग डोळा बधिर करून ते कुसळ काढतात आणि कुत्र्याच्या गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर बांधतात. ती घालून तो दारांना धडकत फिरतो, रुसतोही. पण पंजा डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.