आईचा लाडू आणि तुझा मेसेज

मने, परवा रात्री घरच्या ग्रुपवर तू टाकलेला तो लांबलचक मेसेज मी दोनदा वाचला. तूप, खवा, रेशीम, वर्ख, फटाके, सगळ्यांना एका रांगेत उभं करून घेतलेली हजेरी. काकूंनी अंगठा दाखवला, तो होकाराचा की कसला, देव जाणे. मामांनी नेहमीप्रमाणे गणपतीचं चित्र पाठवलं. आई काहीच बोलली नाही. सकाळी मी फोन केला तेव्हा म्हणाली, "माझ्या बेसनाच्या लाडवाला क्रूर म्हणाली गं ती." मग गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं, मला माहितीये.

तुला रागवायला लिहीत नाहीये. तुझं म्हणणं मला बरंचसं पटतं, आणि ह्या वाटेवर मी तुझ्याआधी चांगली ठेचकाळलेय, म्हणून लिहितेय. तू सुरुवात चुकीच्या टोकाने केलीस, एवढंच. आईच्या डब्यापासून. मी असते तर दाराबाहेरच्या कुत्र्यापासून केली असती.

आमच्या कुत्र्याची, बंड्याची गोष्ट तुला अर्धीच माहिती आहे. तो दिवाळीत पळाला आणि सापडला, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. झालं असं, की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी समोरच्या वहिनींना फराळाचं ताट द्यायला दारात उभी होते. हातात ताट, दार पायाने धरलेलं. खाली गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि बंड्या माझ्या पायांमधून चार जिने उतरून गेलासुद्धा. ताट तिथेच पडलं. तिसऱ्या दिवशी तो भाजीबाजारात एका हातगाडीखाली सापडला. पंज्यांच्या गाद्या सोललेल्या, तोंडाला फेस सुकलेला. मी हाक मारली तर जवळ आला नाही, नुसता थरथरत राहिला. ज्याने फटाका लावला त्याला मी खूप दिवस शिव्या घातल्या. न सांगितलेला भाग हा, की त्याच दुपारी पोरं मागे लागली म्हणून मीही दोन माळा विकत आणल्या होत्या. पिशवी टीव्हीखालीच होती.

आपल्याला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंतचं येतं. शिवाय आपल्याला माहीत असतं की आज दिवाळी आहे. त्याला आभाळ फुटतंय एवढंच कळतं. नियम आहेत. चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका बनवायला, विकायला, उडवायला मनाई आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली दिवाळीत रात्री आठ ते दहाच फटाके, तेही कमी धुराचे, असं सांगितलं आणि माळांना बंदी घातली. आमच्या गल्लीत मात्र पहाटे साडेचारलाच नरकासुराचा वध सुरू होतो. त्यामुळे नियमांवर विसंबू नकोस, घरात तयारी कर.

तुझी मांजर आणि ते पार्किंगमधलं काळं कुत्रं, दोघांसाठी सांगते. प्राण्यांच्या डॉक्टरांना दिवाळीच्या आठवडाभर आधी भेट. कुणाला औषध लागेल, किती लागेल, ते त्यांनाच ठरवू दे. माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणाऱ्या एक बाई आमच्या सोसायटीत आहेत, त्यांचं ऐकू नकोस. घरातली सगळ्यात आतली खोली आत्ताच ठरव, नाहीतर बाथरूम. पडदे ओढ, पंखा मोठा लाव, टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेव. मांजरीची रोजची गोधडी तिथे टाक, धुतलेली नको, तिच्या वासाची असू दे. जेवण दिवस असतानाच उरक. दाराला आतून साखळी, आणि फराळ द्यायला कुणी आलं तर आधी मांजर खोलीत, मग दार. आणि घाबरली की जवळ घे. लाड केले तर भीती वाढते असं सांगणारे भेटतील. भीतीला लाडाने खतपाणी मिळत नाही गं, ती तशीच येते.

काळ्याला घरात घेता येणार नाही, पण जिन्याखालचं दार दहा वाजेपर्यंत उघडं ठेवायला वॉचमनकाकांना सांगता येईल. दोन गोणपाटं, पाण्याचं भांडं. बांधून मात्र ठेवू नका. घाबरलेलं जनावर दोरीला हिसके देऊन स्वतःचाच गळा आवळून घेतं. गळ्यात पट्टा घाल आणि त्यावर मार्करने फोन नंबर लिही. पळाला तरी परत येण्याची सोय राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सगळ्यांना सांग. मांजराची पिल्लं रात्रभर इंजिनापाशी दबून बसलेली असतात. आणि काळ्याला प्रेमाने चिवडा घालू नकोस. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, चॉकलेट तर विषच. भाकरीचा तुकडा घाल, तो त्याला लाडवाहून प्रिय आहे.

एवढं केलंस तरी मला पुरे. पण तू विचारलेलं बाकीचंही सांगते, नाहीतर म्हणशील ताईने टाळलं.

वर्खाचं तुझं खरं आहे. चांदीचे बारके तुकडे एका चोपडीच्या पानांत घालून तासन्‌तास हातोडीने कुटतात. ती पानं बैलाच्या आतड्याची असायची, कारण ती फाटत नाहीत आणि चांदी त्यांना चिकटत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली वर्खासाठी प्राण्यांपासूनची कुठलीही वस्तू वापरायची नाही असा नियम काढला. आता यंत्रावरचा वर्खही मिळतो. पण काजूकतलीवरचा कुठला, हे तो मिठाईवाला तरी कुठे सांगू शकतो? मी 'वर्ख नको' एवढंच म्हणते. चवीला काही फरक पडत नाही, उलट काजू दिसतात.

रेशमाचं जरा थांब. रेशमाचा किडा कोश विणून आत बसतो, आणि पतंग होऊन तो फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. सलग धागा हवा म्हणून त्याला आतच वाफेवर मारतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात, हे खरं. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांचं 'अहिंसा रेशीम' करून दाखवलं. ते पोताला थोडं खरखरीत आणि महाग असतं. आसामच्या एरी रेशमाच्या कोशाला मुळातच तोंड असतं, म्हणून ते लोक निर्धास्त घेतात, पण तिकडे त्या अळ्या आवडीने खातात हेही ध्यानात ठेव. म्हणून माझं सरळ आहे, नवीन रेशीम घ्यायचं नाही. आईची मोरपंखी पैठणी मात्र मी हक्काने नेसते. ते किडे आपल्या जन्माआधी गेले, आता ट्रंकेत कुजवून कुणाचं भलं होणार? पाडव्याला तुझ्यासाठी सुती नारायणपेठ बघून ठेवलीय, लाल काठाची. आवडली नाही तर तोंड वाकडं करू नकोस, मी नेसेन.

उटणं, साबण, क्रीम यांची तू भलीमोठी यादी केलीयस. कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. त्यामुळे 'प्राण्यांवर चाचणी नाही' सांगणारं सशाचं चित्र नाही म्हणून पहिल्या आंघोळीचा साबण फेकून देऊ नकोस. उटण्यात तर नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा. त्यात कोण दुखावणार? फक्त खरी कस्तुरी म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथून उठ. कस्तुरीमृग संरक्षित आहे. तसंच लक्ष्मीपूजनाच्या आधी फुटपाथवर 'हत्ताजोडी' विकायला बसतात, जोडलेल्या हातांसारखी वनस्पतीची मुळी म्हणून. मागे सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, आणूया का? ती मुळीबिळी काही नसते, नर घोरपडीचं वाळवलेलं इंद्रिय असतं. हे मी सासूबाईंना कशा शब्दांत सांगितलं ते विचारू नकोस. पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आता दूध. इथे तू सगळ्यात जास्त दुखावलेली आहेस हे मला दिसतं. आजोळचा गोठा तुला आठवत नाही, तू लहान होतीस. मला आठवतो. मामी वासराला आधी लावायची, पान्हा सुटला की बाजूला बांधायची आणि दोन आचळं त्याच्यासाठी राखायची. हे चांगलं. पण एका वर्षी म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस दूध चोरायला लागली, तर त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटायची आणि मामी धार काढायची. मी ते पाहिलं आणि दोन दिवस दूध प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी प्यायले. आजही चहा दुधाचाच घेते, तुझ्याइतकी माझी छाती नाही. नर रेडकाचं काय होतं हे गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. तेव्हा तू बोललीस यात चूक नाही. पण मामीला तू क्रूर म्हणशील का? त्या म्हशीला रात्री दोनदा उठून वैरण घालणारीही तीच होती.

आणि आता आईबद्दल तुला ठाऊक नसलेली गोष्ट. वसुबारसेला ती काय खाते हे तू कधी पाहिलंयस? ती त्या दिवशी गाईचं दूध घेत नाही. दही, ताक, तूप, काही नाही. सकाळी कोरा चहा, त्यात गवती चहा आणि आलं. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. लग्न झाल्यापासून करते, म्हणजे चाळीसेक वर्षं. मी एकदा विचारलं होतं का म्हणून, तर म्हणाली, "आजचं दूध वासराचं." तुझ्या मेसेजमधलं चौथं वाक्य तिने तीन शब्दांत, तू जन्मायच्या आधीपासून म्हटलेलं आहे. ती एक दिवस करते, तू तीनशे पासष्ट करायचं ठरवलंयस. तुझं मोठं आहे, मान्य. पण सुरुवात तिने केलीय.

लाडवांचं म्हणशील तर मी प्रयोग करून बसलेय. खोबरेल तेलात बेसन भाजलं, लाडू वळलेसुद्धा, पण दुपारच्या उन्हात डब्यात बसले ते बसलेच, आणि घरभर डोक्याला तेल लावल्याचा वास. ह्यांनी एक खाल्ला आणि केसांवरून हात फिरवला. बेसनाच्या लाडवाला तुपावाचून गत नाही, ते सोडूनच दे. पण रवानारळाचा लाडू आहे ना! रवा कोरडाच मंद भाजायचा, त्यात ओला नारळ घालून पुन्हा परतायचा, साखरेचा एकतारी पाक. नारळाचं स्वतःचं तेल सुटतं, तूप लागतच नाही. तीनचार दिवसांच्या वर टिकत नाही, थोडा कर. चकली, कडबोळी, शेव, चिवडा यांत तसंही दूध नसतं. शंकरपाळ्याला दुधाऐवजी पाणी आणि कडकडीत तेलाचं मोहन. अनारसे तेलात तळ. म्हणजे फराळाचं मोठं ताट तुझंच आहे, भांडण आहे ते दोन डब्यांपुरतं.

अजून एक बोलू? तुझ्या मेसेजमध्ये किड्यापासून हत्तीपर्यंत सगळे होते, कामाच्या मावशी नव्हत्या. त्या धनत्रयोदशीपासून चार घरांच्या चकलीच्या कढया घासतात, त्यांच्या घरी चकली कधी होणार? बोनस वसुबारसेच्या आधी दे, म्हणजे त्यांच्या बाजाराला उपयोगी पडेल. पाडवा आणि भाऊबीज सुट्टी. आणि फराळ द्यायचा तो पहिल्या घाण्यातला, उरलेला नव्हे.

तर आता ग्रुपवर दुसरा मेसेज टाकू नकोस, माफीचाही नको. मामा परत गणपती पाठवतील. आईला फोन कर. सकाळी नको, कामात असते, आणि दुपारी दोनपर्यंत पडलेली असते. साडेतीनला कर. लाडवाचा विषय काढूच नकोस, वसुबारसेची भाजी कशी करायची ते विचार. गवारीत ती ओवा घालते की जिरं, मला नेहमी विसरायला होतं. मलाही सांग.

भाऊबीजेला येशील तेव्हा तुझे रवानारळाचे लाडू निळ्या झाकणाच्या डब्यात असतील, फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. पोरांना सांगू नकोस.