पाचवीलाच तुमसरला पाठवावं का?

प्रश्न : मुलगी चौथी पास झाली. पाचवीपासूनच तिला तुमसरच्या हायस्कूलमध्ये घालावं, असं घरचे म्हणतात. काय करावं? – एक आई, आंबागड

उत्तर : ताई, आपल्याकडे पूर्वापार चौथीनंतर शाळा बदलते, म्हणून घरच्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक धरली आहे. गावच्या शाळेत पाचवीचा वर्ग असेल तर घाई करू नका. दहा वर्षांच्या पोरीचा रोजचा प्रवास, त्यातही पावसाळ्यातला, अंगावर येतो; थकलेलं मूल वर्गात पेंगतं. आधी एवढंच पाहा : ती अनोळखी धडा अडखळत नाही ना वाचत? भागाकार जमतो? कच्चं असेल तर नवी शाळा ते भरून काढेलच असं नाही.

वर्गच नसेल तर मात्र निर्धास्त पाठवा. ग्रामीण मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत असतो. दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि निर्णयाआधी एकदा तिलाही विचारा.