डिस्क-नियंत्रक कार्डाची पारख

शाळेच्या संगणक-कक्षातील एखादा टेबलावरचा संगणक डोळ्यांसमोर आणा. निसर्ग मंडळाच्या दहा वर्षांच्या पर्जन्यनोंदी, सहलींची छायाचित्रे अशी पुष्कळ माहिती त्याच्या हार्ड डिस्कवर साठलेली आहे. डिस्क भरत आली म्हणून आणखी चार डिस्क जोडायचे ठरले. पण पेटी उघडून पाहिली, तर मदरबोर्डवर डिस्क जोडण्याचे सॅटा पोर्ट शिल्लकच नाहीत. अशा वेळी मदरबोर्डवरील रिकाम्या खाचेत एक वेगळे कार्ड बसवतात. त्याला डिस्क-नियंत्रक कार्ड म्हणतात. बाजारात दोन पोर्टांपासून वीस पोर्टांपर्यंतची कार्डे मिळतात. मग वीस पोर्टांचे कार्ड सर्वांत चांगले समजायचे का? उत्तर देण्यापूर्वी हे कार्ड काय काम करते ते पाहू.

नियंत्रकाचे काम

डिस्क म्हणजे माहितीचे कोठार. ‘अमुक क्रमांकाच्या भागातील माहिती हवी’ हा हुकूम डिस्कला पोचवणे, तिच्याकडून आलेली माहिती संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवणे आणि काम झाल्याची वर्दी देणे, ही नियंत्रकाची कामे होत. १९८३ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिच्यासाठी स्वतंत्र कार्ड असे आणि डिस्कचे वाचनशीर्ष कोठे न्यायचे याचे हुकूमही तेच देई. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात यांतील बरेचसे काम डिस्कवरच बसवलेल्या मंडलाकडे गेले. आजचे कार्ड मुख्यतः मध्यस्थ आहे. परंतु डिस्ककडे जाणारा व तिच्याकडून येणारा प्रत्येक बाइट या मध्यस्थाच्या हातून जातो, हे ध्यानात ठेवा.

मुकाट्याने होणारी चूक

मध्यस्थच चुकला तर काय होते, याचे एक खरे उदाहरण आहे. १९९० च्या दशकात अनेक संगणकांत सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या नियंत्रक चिपा वापरल्या जात. १९९५ च्या सुमारास त्यांतील दोष सर्वांना कळला. डॉसमध्ये एका वेळी एकच काम चाले, तोवर सहसा काही बिघडत नसे. पण ओएस/२ किंवा लिनक्ससारख्या, एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणालीत माहितीची ने-आण होताना काही बाइट बदलत. पडद्यावर चुकीची सूचनाही येत नसे! शेवटी प्रणालीच्या जाणकारांना आज्ञावलीतच तोड काढावी लागली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बंद पडणारे कार्ड निदान आपल्याला सावध तरी करते. चालू राहून चुकीची माहिती देणारे कार्ड अधिक घातक. म्हणून कार्ड निवडताना वेगाच्या आधी विश्वास पाहावा.

पारखीच्या पाच गोष्टी

१) चिपचे नाव : खोक्यावरील नावापेक्षा कार्डावरील मुख्य चिप महत्त्वाची. उदाहरणार्थ, एएसएम-१०६४ ही चार, जेएमबी-५८५ ही पाच, तर एएसएम-११६६ ही सहा पोर्टांची चिप आहे. चिप ‘एएचसीआय’ हे प्रमाण पाळणारी असावी. तसे असल्यास विंडोज व लिनक्स तिला आपण होऊन ओळखतात. ज्या कार्डाचा विक्रेता चिपचे नावच सांगत नाही, ते घेऊ नये.

२) रस्त्याची रुंदी : स्थानकात फलाट दहा आणि बाहेरचा पूल एकेरी असेल, तर गाड्या खोळंबणारच. कार्डाचा पूल म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचे मार्ग. एका मार्गावरून सेकंदाला पहिल्या पिढीत सुमारे २५०, दुसऱ्या पिढीत ५०० आणि तिसऱ्या पिढीत ९८५ मेगाबाइट जातात. एएसएम-११६६ ला तिसऱ्या पिढीचे दोन मार्ग आहेत, म्हणजे एकूण सुमारे १९७० मेगाबाइट. सहाही डिस्क एकदम चालल्या, तरी प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ३२८ येतात. आजची मोठी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण २०० मेगाबाइट देते. तेव्हा हे पुरेसे आहे. खाच लांब दिसली, तरी तिला मार्ग किती जोडले आहेत, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे.

३) पोर्ट खरे की वाटून दिलेले : काही कार्डांत चिपच्या एकाच पोर्टाला फाटे फोडून पाच पोर्ट केलेले असतात. फाटे फोडणाऱ्या चिपेला पोर्ट मल्टिप्लायर म्हणतात. सॅटाचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट. ८ बिट माहितीसाठी तारेतून १० बिट जातात, म्हणून प्रत्यक्षात ६०० मेगाबाइट. ते पाच जणींत वाटले की प्रत्येकीला १२०. शिवाय एक डिस्क अडखळली, की त्याच फाट्यावरील इतरही अडकू शकतात. वीस पोर्टांच्या कार्डाचे गुपित बहुधा हेच असते.

४) डिस्क जशीच्या तशी दिसते का : रेड कार्डे अनेक डिस्क एकत्र गुंफून संगणकाला एकच डिस्क दाखवतात. असे कार्ड जळाले, तर त्याच जातीचे दुसरे मिळेपर्यंत माहिती वाचणे अवघड होते. साधे कार्ड प्रत्येक डिस्क स्वतंत्र दाखवते. ती काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तरी वाचता येते. शाळेसाठी व घरासाठी साधे कार्डच बरे.

५) उष्णता आणि तारा : मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेली कार्डे जोराच्या वाऱ्यात चालतील अशा बेताने केलेली असतात. टेबलावरच्या संगणकात ती वापरली, तर जवळ पंखा हवा. सॅटाची तार एक मीटरपेक्षा लांब नसावी व ती घट्ट बसावी.

विश्वास टाकण्यापूर्वी

नवे कार्ड बसवल्यावर महत्त्वाची माहिती लगेच त्यावर सोपवू नका. सर्व डिस्कांवर एकाच वेळी मोठ्या फाइलींच्या नकला करा. मग मूळ फाइल आणि नक्कल या दोहोंची एसएचए-२५६ या रीतीने बेरीज-पडताळणी काढा. एक बिट जरी बदलला असेल, तरी दोन्ही उत्तरे वेगळी येतात. यानंतर डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींतील १९९ क्रमांकाचा आकडा पाहा. बहुतेक डिस्कांत तो तारेतून येताना झालेल्या चुकांची संख्या दाखवतो. तो वाढत असेल, तर आधी तार बदला, नंतर कार्डावर संशय घ्या.

आणि शेवटचे : कितीही चांगले कार्ड घेतले, तरी डिस्क केव्हातरी बिघडतेच. पर्जन्यनोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच. कार्ड माहिती पोचवते. तिची राखण मात्र आपणच करायची असते.

स्वाध्याय : एका कार्डाला दुसऱ्या पिढीचा एकच मार्ग आहे व त्याला चार हार्ड डिस्क जोडल्या आहेत. चारही एकदम चालल्यास प्रत्येकीला किती वेग मिळेल? तो पुरेल का? (उत्तर : सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. डिस्क २०० देऊ शकत असेल, तर ती मंदावेल. मात्र माहिती चुकणार नाही.)