दहा वाजता परत फिरायचं ठरलं होतं

"दिदी, दस बज गए." आमचे गाईड, ज्यांना आम्ही सगळेच 'दाई' म्हणत होतो, माझ्यापासून दोन पावलांवर थांबले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. आदल्या रात्री ठरलं होतं, दहापर्यंत माथा आला नाही तर असू तिथून मागे वळायचं. ठरवताना आम्ही चौघांनीही होकार दिला होता. मी समोरच्या चढाकडे बोट दाखवलं आणि माथा आलाच आहे असं म्हणाले. तो माथा नव्हता. त्याच्यामागे दुसरा चढ होता, आणि त्याच्यामागे तिसरा. माथ्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

ही नेपाळातल्या अन्नपूर्णा परिक्रमेवरची थोरांग ला खिंड, उंची ५,४१६ मीटर. अलीकडे मनांग, पलीकडे मुक्तिनाथ. आपल्याकडचे यात्रेकरू मुक्तिनाथाला पोखऱ्याहून जोमसोममार्गे जातात. आम्ही डोंगरावरून जायचं ठरवलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. वीस वर्षं सह्याद्रीत फिरलेले पाय होते आणि त्या पायांवर माझा फार विश्वास होता. पायांनी दगा दिलाही नाही.

चूक आदल्या संध्याकाळीच सुरू झाली. हाय कॅम्पला, म्हणजे जवळपास ४,९०० मीटरवर, माझं डोकं ठणकत होतं. लसणाचं सूप समोर आलं, दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली. दाईंनी विचारलं, "सिर दुखता है?" मी नाही म्हणाले. कारण साधं होतं. हो म्हटलं असतं तर ते मला खाली थोरांग फेदीला घेऊन गेले असते, आणि माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस गेला असता. असं मला वाटलं. सोबत आलेल्या माझ्या वहिनीनेही त्या रात्री काही खाल्लं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ती माझ्याकडे बघून गप्प राहिली होती.

रात्री बर्फ पडला. पहाटे चारला निघायचं होतं, निघालो पावणेसहाला. हा पावणेदोन तासांचा उशीर पुढे आम्हाला फार महाग पडला. तिथे पहाटे निघतात त्याला कारण आहे. रात्री गोठून घट्ट झालेल्या बर्फावर पाऊल ठरतं. ऊन चढलं की तोच बर्फ मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. शिवाय सकाळ सरते तसा खिंडीतला वारा वाढतो. आम्ही माथ्यावर पोचलो ते नेमके या दोन्हींच्या तावडीत.

माथ्यावरच्या पताका वाऱ्याने फडफडत नव्हत्या, ताठ आडव्या झाल्या होत्या. वहिनी बर्फात बसली. जॅकेटची चेन लावायला तिने एक हातमोजा काढला आणि तो उडून गेला. मी त्या वेळी फोटो काढत होते. कॅमेरा खाली घेतला तेव्हा तिचा उघडा हात मला दिसला, बोटांची टोकं मेणासारखी पांढरी. दाईंनी एक शब्द न बोलता स्वतःचा जाड मोजा तिच्या हातात चढवला. ते स्वतः आतल्या पातळ मोज्यावर खाली उतरले.

"ताई, माझे पाय माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. दाईंनी तिला टाचेला पुढचं पाऊल लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला ती कलंडली. उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की तोल असाच जातो, आणि त्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. थोरांगवरून मुक्तिनाथपर्यंतचा उतार सुमारे १,६०० मीटरचा आहे. कळसुबाईच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीएवढा उतार, एका दिवसात, मऊ बर्फातून. दाई आणि आमचा पोर्टर दोन्हीकडून तिला धरून उतरत होते. हजारेक मीटर खाली आल्यावर तिची जीभ मोकळी झाली, पावलं सरळ पडू लागली. मुक्तिनाथला पोचायला अंधार पडला.

ती वाचली. हे लिहिते आहे ते, दहा वाजता मी ज्या खात्रीने बोलले त्या खात्रीसाठी. ५,४०० मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. तो कमी पडला की पहिल्यांदा दम लागतो असं आपण समजतो. पण दम लागलेला कळतो. विवेक मंदावलेला कळत नाही. मला त्या क्षणी मी पूर्ण शुद्धीत, नेहमीपेक्षा जास्त ठाम वाटत होते. म्हणून परत फिरण्याचा निर्णय वर नेऊच नका. खाली, पोटात अन्न असताना वेळ ठरवा, कागदावर लिहा आणि कागद गाईडच्या खिशात द्या. वर गेल्यावर त्यांच्याशी वाद घालण्याचा हक्क तुमचा नाही, हेही तेव्हाच मान्य करा. आणि डोकं दुखत असेल तर सांगा. एकाने लपवलं की दुसराही लपवतो, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्त करावा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. वाटेत सोबत्याच्या डबीतून घेऊ नका. हातमोज्यांना दोरी लावून ती बाह्यांतून ओवून घ्या, लहान मुलांच्या मोज्यांना लावतात तशी, आणि एक जाड जोडी जास्तीची ठेवा. पाण्याची नळी गोठते. बाटली जॅकेटच्या आत ठेवा. काळे चष्मे स्वतःपुरते घेऊ नका, पोर्टरकडे आहेत का ते पाहा. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात आणि ते कळतं काही तासांनी, रात्री.

ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलासुरला जोर याच भागावर बर्फ होऊन कोसळला. या खिंडीत आणि आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यात नेपाळी गाईड आणि पोर्टरही होते. माझ्या हट्टाच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. तसं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

वहिनीच्या दोन बोटांना आजही गार पाणी नीट कळत नाही. दाईंच्या बोटांना फोड आले होते. मुक्तिनाथला त्यांनी ते आम्हाला दाखवले नाहीत, पोर्टरने सांगितलं.

मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर उंचीच्या आजारांवर ट्रेकर्सना माहिती देतात. आमच्या मुक्कामाच्या दुपारी मी तिथे गेले नाही, कपडे वाळत घालत बसले. तुम्ही थोरांगला जाणार असाल तर ती दुपार त्यांच्यासाठी मोकळी ठेवा, आणि सोबतच्या प्रत्येकाला घेऊन जा.